शुद्धीकरण बाकी आहे

जनार्दन खोडके यांना मराठी भाषेचा अभिमान होता आणि उरवड्याचा सगळा घोळ त्या अभिमानातूनच झाला. एरवी हा अभिमान निरुपद्रवी असतो. फार तर माणूस बँकेत जाऊन 'भरणापावती' मागतो, काउंटरवरची मुलगी गोंधळते, मागची रांग चुळबुळ करते आणि शेवटी स्लिप मिळते. पण खोडक्यांनी तो एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या दारावर काळ्या ऑइलपेंटने, वळणदार अक्षरात लिहून लावला. पाटी अशी होती: 'या जागेचे शुद्धीकरण बाकी आहे. ते पूर्ण होईपर्यंत आत कोणीही येऊ नये. - ज. वि. खोडके, मुख्य विश्लेषक.'

यात चुकलं काय, असं खोडके आजही विचारतात आणि शब्दकोश काढून दाखवतात. प्रयोगशाळा बंद करायची म्हणजे यंत्रं उचलून टेम्पोत टाकली असं होत नाही. इथे वर्षानुवर्षं लोकांच्या विहिरींचं पाणी, टँकरचं पाणी, डेअऱ्यांचं दूध तपासलेलं. जंतू वाढवलेले, मोजलेले, मारलेले. तेव्हा प्रत्येक यंत्र धुवायचं, निर्जंतुक करायचं, त्यातली रसायनं काढायची आणि 'हे आता निर्धोक आहे' असं लिहून खाली सही करायची. याला इंग्रजीत डीकंटॅमिनेशन म्हणतात. हा शब्द उरवड्यात कोणाला कळणार, म्हणून खोडक्यांनी लोकांच्या सोयीसाठी मराठी शब्द योजला. लोकांना तो लगेच कळला आणि तिथेच पंचाईत झाली.

प्रयोगशाळा शैलेशची. म्हणजे मूळ त्याच्या वडिलांची. ते गेल्यावर शैलेशने ती हिंजवडीला काचेच्या इमारतीत नेली. तिथे नवी यंत्रं आली, नवी मुलं आली, कॉफीचं मशीन आलं. उरवड्याच्या गाळ्यात उरलं ते म्हातारं सामान: ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, डीप फ्रीझर, एक भट्टी, थर्मामीटरचा खोका आणि खोडके. "काका, तेवढं भंगारवाल्याला देऊन या ना," शैलेश फोनवर म्हणाला. "अर्ध्या दिवसाचं काम आहे."

खोडक्यांना अर्ध्या दिवसापेक्षा 'काका' जास्त लागलं. शैलेशचे वडील त्यांना 'खोडकेसाहेब' म्हणत आणि त्यांच्या सहीखेरीज एक अहवाल बाहेर जाऊ देत नसत. अशा सहीचा माणूस आता काका झाला होता, आणि काकांना भंगारवाल्याकडे पाठवलं जात होतं. "मी नियमाने करीन," खोडके म्हणाले. शैलेश "हो हो, करा ना" म्हणाला, म्हणजे त्याने फोन आधीच कानापासून लांब नेला होता.

गाळ्याचे मालक हैबतराव. त्यांना गाळा अक्षय तृतीयेच्या आत रिकामा हवा होता, कारण त्यांची बायको रंभाबाई तिथे खानावळ काढणार होती. आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार दुपारी टपरीवर वडापाव खाऊन दिवस काढत. त्यांना भाकरी, कालवण, भात आणि बुधवारी-रविवारी मटण द्यायचं, असं रंभाबाईंनी ठरवून टाकलेलं. भांडी आली होती, गॅसची जोडणी सांगून झाली होती. भाकऱ्या थापायला सून रेश्मा होती. तिला दिवस गेले होते, पण बसून भाकऱ्या थापायला काय झालं, असं रंभाबाईंचं म्हणणं होतं. हैबतरावांनी उभ्या जन्मात अनेक जमिनी विकल्या, खोल्या भाड्याने दिल्या, पण रंभाबाईंचं स्वतःचं असं हे पहिलंच काहीतरी होतं.

खोडके पांढरा कोट, हातमोजे आणि मास्क लावून धुवायला लागले तेव्हा दोघं दारात येऊन उभी राहिली.

"सायेब, ह्यो कुकर आमाला ऱ्हाऊ द्या," ऑटोक्लेव्हकडे बोट करून रंभाबाई म्हणाल्या. "लई मोटा हाय. येका टायमाला समद्यांचा भात व्हईल."

"अहो, हा कुकर नाही. यात आम्ही जंतू मारायचो."

"मग चांगलंच की. भातातलं बी मरत्याल."

खोडक्यांनी तिथल्या तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचं छोटं व्याख्यान दिलं. रंभाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग शिट्टी कुटनं व्हती ह्याची?" खोडक्यांनी पक्कड उचलली आणि डीप फ्रीझरची वायर प्लगपासून कचकन कापली. टाकून द्यायचं यंत्र पुन्हा कोणी वापरू नये म्हणून ते असं निकामी करायचं असतं. फ्रीझरचं दारही काढून ठेवायचं असतं, नाहीतर कोणाचं तरी पोर खेळताना आत अडकतं. पण हैबतरावांना हे सांगणार कोण? त्यांनी कपाळावर हात मारला. "आरारा! चालत्या फ्रीजाचा गळा कापला की वो!" संध्याकाळपर्यंत ही बातमी पिरंगुटच्या चौकात पोचली होती.

बातमीला पाटीची जोड मिळाली. शुद्धीकरण बाकी आहे. म्हणजे आत काहीतरी अशुद्ध झालं आहे. मग शुद्धीकरण कधी करतात, याची लोकांनी उजळणी केली आणि सगळी उत्तरं वाईटच निघाली. कोणीतरी म्हणालं, आत माणूस गेला. कोणी म्हणालं, जनावर कापलं. डीप फ्रीझरचं दार काढून भिंतीला टेकवलेलं काहींनी खिडकीतून पाहिलं होतं. एवढा लांबलचक फ्रीज पाणी तपासायला कशाला लागतो, असा एक बिनतोड प्रश्न चहाच्या टपरीवर निघाला. जे कामगार रंभाबाईंना 'मावशी, पहिल्या दिवसापासून येतो' म्हणाले होते ते आता 'बघू' म्हणायला लागले.

रंभाबाई पदर खोचून गाळ्यावर आल्या. "सायेब, ही पाटी काडा. गावभर बोभाटा झालाया. लोकं म्हनत्यात, ल्याबमधी मुडदं ठिवलं व्हतं."

"मुडदे नव्हते हो. जंतू होते."

"कसलं?"

इथे खोडक्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण खोटं बोलायचं नाही आणि अर्धवट सांगायचं नाही, या दोन खोडी त्यांच्यात होत्या. "हगवणीचे," ते म्हणाले. "टायफॉइडचे. तुलना करायला ठेवावे लागतात. पण मी ते मारलेत, काळजी नको."

त्या दुपारनंतर मुडद्यांची अफवा बंद झाली. तिच्या जागी हगवणीची सुरू झाली, आणि खानावळीच्या दृष्टीने मुडदा परवडला असता.

बावधनला, खोडक्यांच्या सोसायटीत, या विषयाला सल्लागारांची कमी नव्हती. सेक्रेटरी विठ्ठलराव सकाळी फिरताना त्यांना गाठत. विठ्ठलरावांचं आयुष्य जकात खात्यात गेलेलं. जकात बंद झाली तरी थांबवून चौकशी करायची सवय राहिली. "ऑनलाइन विकून टाका," ते म्हणाले. "लिहा, एकाच कुटुंबाने जपून वापरलेला ऑटोक्लेव्ह." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, शाळेला दान द्या, पेपरात फोटो येतो. तिसऱ्याने तर भट्टी सोसायटीला मागितली. गणपतीत मोदकांना होईल म्हणाला. त्या भट्टीत काय काय जाळलं होतं हे खोडक्यांनी लिफ्टमध्ये सांगायला सुरुवात केली, तेव्हा तो गृहस्थ मधल्याच मजल्यावर उतरून गेला.

मग कार्यालयं. जुनी रसायनं आणि पारा कोणाकडे सोपवायचा, हे विचारायला खोडके एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "प्रयोगशाळा चालू आहे की बंद?"

"बंद."

"बंद केल्याची परवानगी?"

"बंद करायला परवानगी लागते?"

"चालू करायला घेतली होती ना? ती परत करावी लागते. ती परत केली की तुमची प्रयोगशाळा आमच्या लेखी राहत नाही. आणि जी प्रयोगशाळा आमच्या लेखी नाही, तिचा कचरा आम्ही कसा सांगणार?"

"मग परत करत नाही."

"मग ती चालू आहे. चालू प्रयोगशाळेचं सामान टाकून कसं देता?"

खोडके तिथून सरळ घरी आले आणि जेवायला बसले. त्यांची पत्नी सुलक्षणा आमटी वाढत म्हणाली, "अहो, सगळे म्हणतात तसं देऊन टाका ना भंगारात. तुम्ही नाही धुतलं तर कोण विचारतंय?" खोडके म्हणाले, "कोणी विचारत नाही म्हणून तर करायचं." सुलक्षणाला हे वाक्य लग्नापासून ठाऊक होतं. तिने भात वाढला. शेवटी घातक कचरा घेणारी एक अधिकृत कंपनी खोडक्यांनीच हुडकून काढली. ती सगळं न्यायला तयार होती, फक्त प्रत्येक वस्तूमागे शुद्धीकरणाचं प्रमाणपत्र हवं होतं. खोडके खूश झाले. त्यांच्या सहीला निदान एका ठिकाणी किंमत होती.

त्या खुशीत ते दुसऱ्या दिवशी उरवड्याला पोचले, तर गाळ्याचं दार सताड उघडं आणि आतून मंत्र ऐकू येत होते.

हैबतरावांनी त्यांच्या परीने प्रश्न सोडवला होता. शुद्धीकरण बाकी आहे ना? मग करून टाकू. त्यांनी पौडहून शंभूगुरुजींना बोलावलं होतं. गुरुजींनी पुण्याहवाचन केलं, पंचगव्य केलं आणि दर्भाने सगळ्या गाळ्यावर शिंपडलं. ऑटोक्लेव्हला हळदकुंकू लागलं होतं. इन्क्युबेटरला आंब्याची डहाळी बांधली होती. आणि खोडक्यांनी ब्लीचने धुवून, पुसून, कोरड्या केलेल्या डीप फ्रीझरच्या तळाशी गोमूत्र, दूध, दही, तूप आणि शेण यांचं पवित्र मिश्रण ठिबकलं होतं.

"हे काय केलंत!" खोडके ओरडले.

"तुमीच पाटी लावली व्हती," हैबतराव म्हणाले. "तुमच्यानं व्हईना, म्हून आमी केलं. दक्षिना बी आमीच दिली."

गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी छापील कागदावर, शिक्क्यासह, 'सदर जागा व त्यातील सर्व उपकरणे विधिपूर्वक शुद्ध करण्यात आली आहेत' असं लिहून सही केली. शिक्का त्यांनी बावधनच्या आयटीवाल्यांसाठी करून घेतला होता. ते लोक वास्तुशांतीचीही पावती मागतात. हैबतरावांनी त्या कागदाचा फोटो शैलेशला पाठवला. शैलेशने तो तसाच त्या कचरा नेणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवर चढवला. पोर्टलने शिक्का पाहिला, सही पाहिली, मंजुरी दिली. "काका, अप्रूव्ह झालं!" शैलेशचा आवाज आनंदाने फुटत होता. "तुम्ही उगाच आठवडाभर घासत बसलात."

खोडक्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी फ्रीझरचा तळ कापसाच्या बोळ्याने पुसून नमुना घेतला आणि अजून चालू असलेल्या इन्क्युबेटरमध्ये, आंब्याच्या डहाळीखाली, वाढवायला ठेवला. ब्लीचने धुतल्यावर त्यांनी असाच नमुना घेतला होता, त्याची काचेची बशी कोरी होती. पंचगव्यानंतरच्या बशीत जंतूंची जत्रा भरली होती. ती बशी घेऊन ते शंभूगुरुजींकडे पौडला गेले.

गुरुजींनी चष्मा लावून बशी नीट पाहिली. "हे माझ्या पंचगव्यातलं?"

"तुमच्याच."

"असेल," गुरुजी शांतपणे म्हणाले. "खोडकेसाहेब, मी देवाच्या बाजूने शुद्ध केलं. जंतूंच्या बाजूने करायचं होतं हे मला कोणी सांगितलं नाही. खाती वेगळी आहेत हो आपली." आणि त्यांनी खोडक्यांना ताक दिलं. ते प्यावं की नाही, या विचारात खोडके बराच वेळ होते. शेवटी प्यायले. चांगलं होतं.

खोडक्यांनी सगळी यंत्रं पुन्हा धुतली. गुरुजींचा कागद पोर्टलवरून काढायला लावला आणि प्रत्येक वस्तूचं स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र जोडलं. कंपनीच्या गाडीतून यंत्रं, रसायनं आणि थर्मामीटर गेले. गाळा रिकामा झाला. हैबतरावांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"अजून फरशी राहिली आहे," खोडके म्हणाले.

या फरशीची गोष्ट अशी. एका कोपऱ्यात भिंतीवर पूर्वी हवेचा दाब मोजायचं पाऱ्याचं जुनं यंत्र होतं. एका उन्हाळ्यात खिडकीतून वानर आलं, त्याने बिस्किटं शोधली, ती मिळाली नाहीत म्हणून यंत्र खाली पाडलं आणि निघून गेलं. खोडके तेव्हा मेहकरला भाचीच्या लग्नात होते. ते परत येईतो कोणीतरी तत्परतेने केरसुणी घेऊन सगळं स्वच्छ झाडून ठेवलं होतं. पारा कधी झाडायचा नसतो. झाडला की त्याच्या बारीक बारीक गोळ्या होतात आणि फटीत शिरतात. बाटलीत जमा झालेला पारा निम्मासुद्धा नव्हता. "उरलेला गेला कुठे?" असं खोडके नंतर कित्येक वर्षं विचारत होते. शैलेशचे वडील म्हणत, "वानराने नेला असेल," आणि लोक हसत.

खोडक्यांना मात्र हसू आलं नव्हतं. शहाबादी फरशीच्या फटीतला पारा तसाही वाफ होऊन उडत असतो. रंग नाही, वास नाही. प्रयोगशाळेत निदान खिडक्या उघड्या असत. आता त्याच कोपऱ्यात खानावळीची भट्टी पेटणार होती, आणि भट्टीशेजारी रेश्मा बसणार होती. खोडक्यांनी हे सगळं शैलेशला सांगितलं.

"काका, फरशी काय भंगारात द्यायची आहे का?" शैलेश वैतागला. "जागा सोडल्याच्या कागदावर सही करा आणि या. नव्या लॅबमध्ये तुमची केबिन तयार आहे. पण ही कटकट इथे आणू नका."

"जागा निर्धोक आहे असं लिहिलंय त्या कागदावर. मी सही करणार नाही."

"मग नका करू. मी करतो."

सही नाकारली की जग थांबेल, अशी खोडक्यांची समजूत होती. जग थांबलं नाही. शैलेशने सही केली, हैबतरावांनी किल्लीची दुसरी जोडी काढली, रंगारी आला. ज्या सहीसाठी ते इतकी वर्षं ताठ मानेने जगले, तिच्यावाचून कोणाचंही अडलं नव्हतं. हे कळलं त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटलं. बावधनच्या घरी ते गॅलरीत बसून राहिले. विठ्ठलरावांनी खालून हाक मारून सांगितलं, "सोडून द्या हो खोडके, तुमचा काय संबंध आता!" खोडके उठले, खाली उतरले आणि विठ्ठलरावांना म्हणाले, "सोसायटीची पहार कुठे असते?"

पहार घेऊन ते स्कूटरवरून उरवड्याला निघाले, तेव्हा चांदणी चौकात हवालदाराने थांबवलं. "कुठे निघालात?" खोडके म्हणाले, "शुद्धीकरणाला." हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

गाळ्यावर सगळे होते. हैबतराव रंगाऱ्याशी घासाघीस करत होते. शंभूगुरुजी उद्घाटनाची वेळ सांगायला आले होते. भट्टीच्या कोपऱ्यात पाट टाकून रेश्मा नव्या परातीला चिकटलेले कागद खरवडत होती. खोडके सरळ त्या कोपऱ्याकडे गेले, "बाई, जरा सरक," म्हणाले आणि फरशीच्या सांध्यात पहार घातली.

"आवं, आवं, काय करताय!" हैबतराव धावले. "फरशी माजी हाय! पोलिसात दीन!"

"द्या," खोडके म्हणाले. "त्यांना पण बघायला बोलवा." आणि त्यांनी फरशी उचकटली.

खालच्या वाळूत चांदीसारखे थेंब पळाले. एक मोठा थेंब हलला, फुटला, त्याचे चार झाले आणि चारही चार दिशांना गेले. रंगारी ब्रश घेऊन तसाच उभा राहिला.

"चांदी?" हैबतरावांचा आवाज खाली आला.

"पारा."

शंभूगुरुजींनी आपसूक हात जोडले. पाऱ्याची पिंड पुजतात, हे हैबतरावांनाही ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उजळला. "आयला! मंजी पिंडीच करू की वो! खानावळीत दर्शन बी व्हईल!"

"गप बसा," रंभाबाई म्हणाल्या. त्या दारातून पुढे आल्या होत्या आणि खोडक्यांकडेच बघत होत्या. "सायेब, ह्ये वंगाळ हाय का?"

"विष आहे. वाफ होतं, दिसत नाही. भट्टी पेटली की जास्त होतं."

"रेश्माला?"

"तिला आणि पोटातल्याला सगळ्यात आधी."

रेश्माने परात खाली ठेवली. रंभाबाईंनी तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं. "भायेर चल. खिडक्या उगडा समद्या." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "हितली येकूनयेक फरशी काडायची."

"आगं, तिरतीया तोंडावर आली! मुहूर्त हाय!"

"मुहूर्त ऱ्हाऊ द्या तिकडं. ह्या मानसानं येवडा बोभाटा सोसला, आन आपुन त्याला येडा म्हनलो. आता तो म्हनंल तसं व्हईल."

हैबतरावांनी आधारासाठी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पंचांग मिटत म्हणाले, "मुहूर्त पुढेही आहेत. भरपूर आहेत."

खोडक्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून ते लगेच सगळ्यांवर खेकसले. "चपला बाहेर झटका! केरसुणीला हात लावाल तर याद राखा!" पाऱ्याची वाफ थांबवायला त्यावर गंधक टाकायचं होतं. पिरंगुटच्या दुकानदाराने एवढं गंधक कशाला म्हणून विचारलं. खोडके म्हणाले, "फरशीखाली घालायला." दुकानदाराने त्यांचा फोटो काढून ठेवला, कुठे काही उडालं तर पोलिसांना द्यायला. मग फरशा निघाल्या. गोळ्या ड्रॉपरने टिपल्या, गंधक पसरलं, खालची वाळू खरवडून डब्यांत बंद झाली आणि त्याच कंपनीच्या गाडीतून गेली. एका कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकाकडून वाफ मोजायचं यंत्र मागून आणलं. पहिल्यांदा काटा वर होता, म्हणून आणखी खोदलं. हैबतराव म्हणाले, आता पानी लागंल. पाणी लागलं नाही, पण काटा खाली आला आणि खालीच राहिला. तेव्हा खोडक्यांनी नव्या कागदावर 'जागा निर्धोक आहे' असं लिहिलं आणि सही केली. ती सही कोणीही मागितली नव्हती.

शैलेशचा फोन आला. "काका, ती केबिन मी दुसऱ्याला दिली. तुम्ही समजून घ्याल."

"समजलं," खोडके म्हणाले. "आणि शैलेश, नव्या लॅबमध्ये पाऱ्याचं काही ठेवू नकोस. तुझ्याकडे फरशी उचलणारा माणूस नाही."

खानावळ तृतीयेनंतर बऱ्याच दिवसांनी उघडली. दारावर काय लिहायचं यावर आदल्या दिवशी वाद झाला. खोडके म्हणाले, लिहा, 'ही जागा आता शुद्ध आहे.' रंभाबाईंनी हात जोडले. "नगं बाबा. शुद्ध म्हनलं की लोकांना वाटतंय मटान मिळत न्हाई." खोडक्यांनी या शब्दाशी आणखी झुंजायचं नाही असं ठरवलं.

उद्घाटनाच्या दुपारी कामगार आले, पण आत येईनात. रस्त्यापलीकडे दुचाक्या लावून घोळके करून उभे राहिले. आतून कालवणाचा वास येत होता. विषाच्या खानावळीची गोष्ट उरवड्यात कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. हैबतराव खोडक्यांच्या कानाशी लागले. "सायेब, येक शब्द बोलू नगा. इचारलं तर म्हनायचं, फरशी बदलली."

खरं बोलून आपण ही बाई वाचवली की बुडवली, हे खोडक्यांना कळेना. ते बोलायला उभे राहणार, तेवढ्यात घोळक्यातला एक लातूरकडचा पोरगा मोठ्याने ओरडला, "मावशे, हितं विष होतं म्हणं?"

रंभाबाई उलथनं हातात घेऊन उंबऱ्यावर आल्या.

"व्हतं!" त्या म्हणाल्या. "फरशीखाली व्हतं. आमाला ठावं बी नव्हतं. ह्या सायबानं पहार घालून काडलं. तुमी रोज जितं खाता तितल्या फरशीखाली काय हाय ते कुनी बगितलंय का? हितं बगितलंय. ज्याला भ्या वाटतंय त्यानं खुशाल न बगितलेल्या ठिकानी जावं!"

घोळका हलला नाही. मग रंभाबाईंनी मान वळवून हाक मारली, "रेश्मा!" रेश्मा आतल्या दारातून आली, पोट सांभाळत त्या कोपऱ्यात पाटावर बसली आणि तिने पहिली भाकरी थापायला घेतली. हाताचा आवाज रस्त्यापलीकडे जात होता.

"आन तुमी काय हुबं?" रंभाबाई खोडक्यांना म्हणाल्या. "बसा जेवायला."

"मी सही केली आहे की कागदावर."

"कागद कोन वाचतंय? हितं बसून जेवा. ती सही समद्यांला वाचता येती."

खोडके बसले. त्या कोपऱ्याच्या अगदी जवळ, रस्त्यावरून दिसेल असे बसले. ताटात भाकरी आली, कालवण आलं, कांदा आला. त्यांनी बाहेर कोणाकडे पाहिलं नाही. पहिली भाकरी त्यांनी सावकाश संपवली आणि हात वर करून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, दुसरी मागितली. दारात चपला काढल्याचे आवाज यायला लागले.